टक्केवारीचा छेद : संगणकप्रणालींच्या कार्यमान-प्रोफाइलांची तुलना आणि ‘पर्फ डिफ’ या साधनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : प्रोफाइल, कमांड लाइन, पायाभूत नोंद, नमुना-त्रुटी, देवनागरी अक्षरजुळणी, पाठभेद

प्रस्तावना

‘डिफ’ हा शब्द संगणकशास्त्रात मजकुराच्या तुलनेतून आला. 1974 च्या सुमारास युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ‘डिफ’ नावाची आज्ञा प्रचारात आली. दोन फाइलींतील कोणती ओळ गळली, कोणती नव्याने आली, हे ती दाखवीत असे. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. 1966 साली पूर्ण झालेल्या त्या कार्याचा पाया पाठभेदांची नोंद हाच होता. हस्तलिखिते कितीही भ्रष्ट असली तरी एक गुण त्यांच्यात असतो : तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले तर त्यावर तीच अक्षरे असतात.

संगणकप्रणालीच्या कार्यमानाची, म्हणजेच तिच्या वेगाची व श्रमविभागणीची, नोंद मात्र अशी स्थिर नसते. तीच आज्ञावली त्याच यंत्रावर, त्याच मजकुरावर पाठोपाठ दोनदा चालवली तरी दोन नोंदी तंतोतंत जुळत नाहीत. तरीही या नोंदींची तुलना करणाऱ्या साधनांनी ‘डिफ’ हेच नाव धारण केले आहे आणि नावाबरोबर पाठचिकित्सेची निश्चितताही उसनी घेतली आहे. प्रस्तुत निबंधात लिनक्समधील ‘पर्फ डिफ’ या कमांड-लाइन साधनाचे फलित एक संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी उदाहरण निवडले आहे ते देवनागरी अक्षरजुळणीचे. या निवडीला स्थानिक कारण आहे आणि ते पुढे येईल.

साधनाचे स्वरूप

प्रोफाइल घेण्याचे तंत्र जुने आहे. 1982 मध्ये सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल मॅकक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ मांडले. कोणत्या फंक्शनने किती वेळ घेतला आणि त्याला कोणी पाचारण केले, याचा हिशेब त्यातून मिळू लागला. ‘जीप्रॉफ’ला अनेक धावांच्या नोंदींची बेरीज करता येत होती. वजाबाकीची सोय त्यात नव्हती. 2009 मध्ये लिनक्सच्या गाभ्याबरोबर ‘पर्फ’ हा साधनसंच आला आणि लवकरच ‘पर्फ डिफ’ त्याचा भाग झाले.

त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. ‘पर्फ रेकॉर्ड’ ही आज्ञा ठरावीक वारंवारतेने प्रोसेसरला थांबवून ‘आत्ता कोणते फंक्शन चालू आहे’ एवढीच नोंद करते. जनगणना नव्हे, नमुना-पाहणी. नोंद ‘पर्फ.डेटा’ नावाच्या फाइलीत जाते. या नावाची फाइल आधीच असेल तर तिचे नाव ‘पर्फ.डेटा.ओल्ड’ असे बदलले जाते. वापरकर्त्याने काहीही न सांगता ‘पर्फ डिफ’ चालवले, तर जुनी फाइल पाया मानून नवीची तिच्याशी तुलना होते. पडद्यावर मुख्यतः तीन गोष्टी उमटतात : पायाभूत टक्केवारी, तिच्यातील फरक आणि फंक्शनचे नाव.

येथे पहिली शंका उद्भवते. पाया कोणता, हा कोणत्याही तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. तो येथे ‘याच्या आधी जे चालवले ते’ अशा योगायोगावर सोडलेला आहे. विद्यार्थ्याने सहज म्हणून तिसऱ्यांदा नोंद घेतली तर मूळ पाया पुसला जातो आणि दुसरी धाव गुपचूप त्या आसनावर बसते. सुखटणकरांच्या परंपरेतील संपादकाला, टेबलावर शेवटी ठेवलेले हस्तलिखित आधारभूत माना, असे सांगितले असते तर काय झाले असते याची कल्पना करावी. फाइलींची नावे स्पष्टपणे देण्याची, एकाच पायाशी अनेक नोंदी ताडून पाहण्याचीही सोय साधनात आहे, हे खरे. पण सवय लागते ती न सांगता घडणाऱ्या गोष्टीची.

अंश आणि छेद

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ‘पर्फ डिफ’ मूलतः काळाची वजाबाकी करीत नाही. ते टक्केवारीतून टक्केवारी वजा करते. प्रत्येक नोंदीतील एकूण नमुने म्हणजे शंभर असे धरून प्रत्येक फंक्शनचा वाटा काढला जातो, आणि नव्या वाट्यातून जुना वाटा वजा केला जातो.

मुलुंडला राहणारा एक नोकरदार कल्पावा. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षाने 15 मिनिटे आणि पुढे धीम्या लोकलने 45 मिनिटे, असा त्याचा तासाभराचा प्रवास आहे. प्रवासातील रिक्षाचा वाटा 25 टक्के. उद्यापासून तो जलद लोकल धरू लागला आणि रेल्वेचा वेळ 30 मिनिटांवर आला. रिक्षा तितकीच, रस्ता तोच, 15 मिनिटेही तीच. पण एकूण प्रवास 45 मिनिटांचा झाल्यामुळे रिक्षाचा वाटा 33 टक्क्यांवर गेला. ‘पर्फ डिफ’च्या भाषेत रिक्षापुढे अधिक आठ टक्क्यांची नोंद होईल. तेवढीच ओळ वाचणारा रिक्षावाल्याला जाब विचारायला निघेल.

अंश बदललेला नाही, छेद बदललेला आहे. शालेय अंकगणितातील ही गोष्ट पडद्यावरच्या दोन दशांश स्थळांच्या आकड्यांपुढे विसरली जाते, आणि ती विसरणे महागात पडते. ज्या फंक्शनमध्ये कोणताही दोष नाही ते दुरुस्तीला घेतले जाते. ज्याने खरी सुधारणा घडवली त्याच्या कामामुळे दुसऱ्याच्या फंक्शनवर ठपका येतो.

याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. नव्या आवृत्तीत प्रत्येक फंक्शन दुप्पट मंद झाले, तर सर्वांचे वाटे जसेच्या तसे राहतात आणि फरकाच्या स्तंभात ओळीमागून ओळ शून्य उमटते. संपूर्ण प्रणाली निम्म्या वेगाने चालत असताना तुलनेचा अहवाल निर्विकार असतो. ‘पर्फ’ साधारणपणे काळ न मोजता प्रोसेसरची आवर्तने मोजते, ही त्यात आणखी एक भर. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या प्रयोगशाळेत प्रोसेसर तापून आपली गती उतरवतो, तेव्हा घड्याळाचा वेळ वाढतो. आवर्तनांची संख्या मात्र फारशी बदलत नाही. अशा वेळी केवळ प्रोफाइलच नव्हे, आवर्तनांची निरपेक्ष बेरीजसुद्धा वापरकर्त्याचा अनुभव सांगू शकत नाही.

साधनकर्त्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘पर्फ डिफ’मध्ये वाट्यांच्या वजाबाकीऐवजी निरपेक्ष मोजणीचे गुणोत्तर काढण्याचा पर्याय आहे, वजन देऊन फरक काढण्याचाही आहे. विशेष म्हणजे प्रत्येक आकडा कोणत्या सूत्राने आला ते सूत्रच छापून दाखवण्याचा एक पर्याय आहे. स्वतःचे गणित उघड करणारे साधन ही प्रशंसनीय गोष्ट होय. मात्र हे सर्व मागितल्यावाचून मिळत नाही, आणि ज्याला मागायचे कळते त्याला या इशाऱ्याची गरज कमीच असते.

गूगलच्या ‘पीप्रॉफ’ने हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे हाताळला आहे. तेथे वजाबाकी टक्क्यांची न होता मूळ मोजमापांची होते, आणि टक्केवारी दाखवायचीच तर ती पायाभूत नोंदीच्या एकूण मोजमापाशी ताडून दाखवली जाते. म्हणजे छेद एकच राहतो. दोन नोंदींचा एकूण आकार सारखा करून मग वजाबाकी करण्याचा पर्याय स्वतंत्र आहे व तो वापरकर्त्याने जाणीवपूर्वक निवडायचा असतो. या मुद्द्यावर ‘पीप्रॉफ’ची मांडणी अधिक प्रामाणिक आहे असे म्हणावे लागते. ब्रेंडन ग्रेग यांनी 2014 मध्ये पुढे आणलेल्या तुलनात्मक ज्वालालेखांत वाढ लाल रंगाने व घट निळ्या रंगाने दाखवली जाते. आकृती डोळ्यांना सुखावते. पण तिची रुंदी दुसऱ्या नोंदीवरून ठरते. त्यामुळे जो मार्ग दुसऱ्या नोंदीत पूर्णपणे नाहीसा झाला तो आकृतीतही नसतो. म्हणून उलट दिशेची दुसरी आकृती काढून पाहावी, असे ग्रेग यांनीच सुचवले आहे.

फरक की आंदोलन

नमुना-पाहणीला नमुना-त्रुटी चिकटलेली असते. निवडणुकांच्या कौलांविषयी बोलताना हे आता सामान्य वाचकही जाणतो. प्रोफाइलच्या बाबतीत तेच गणित करून पाहावे. सेकंदाला 4000 नमुने घेतले आणि आज्ञावली दशांश सेकंदच चालली, तर हाती सुमारे 400 नमुने येतात. एखाद्या फंक्शनचा वाटा 20 टक्के असेल तर त्याची प्रमाणत्रुटी 2 टक्क्यांची निघते. दोन स्वतंत्र नोंदींतील फरकाची त्रुटी सुमारे 2.8 टक्क्यांवर जाते. म्हणजे फरकाच्या स्तंभात दिसणारी अधिक 3 ही संख्या निव्वळ योगायोगानेही दिसू शकते. नमुने 10,000 झाले तर हीच त्रुटी 0.6 टक्क्याच्या आत येते. ‘पर्फ डिफ’चा नेहमीचा अहवाल या दोन्ही परिस्थितींत सारख्याच आत्मविश्वासाने दोन दशांश स्थळे छापतो.

या ठिकाणी गो भाषेच्या परिवारातील ‘बेंचस्टॅट’ची आठवण होते. ते प्रोफाइलांची नव्हे, मोजणीच्या वेळांची तुलना करते. अनेक धावांचे आकडे घेऊन, 1947 साली मान व व्हिटनी यांनी मांडलेली कसोटी लावून, फरक सिद्ध होत नसेल तर आकड्याच्या जागी केवळ एक नागमोडी रेघ काढते. ‘सांगता येत नाही’ हे सांगण्याची हिंमत साधनात असावी लागते. ती नागमोडी रेघ अनेक आकड्यांहून मोलाची आहे.

तथापि संख्याशास्त्राने सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. 2009 मध्ये मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ व स्वीनी यांनी दाखवून दिले की आज्ञावलीचा एकही शब्द न बदलता, केवळ परिसर-चलांचा आकार बदलला किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला, तरी मोजणीचा निष्कर्ष फिरू शकतो. स्मृतीतील मांडणी सरकते आणि वेग बदलतो. परिसर-चलांत वापरकर्त्याचे नाव व त्याच्या घरच्या फोल्डरचा पत्ता असतो. तेव्हा तर्काने असेही संभवते की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या नोंदींत, नावांची लांबी निराळी एवढ्याच कारणाने फरक पडावा. धावा दहाच्या शंभर केल्या तरी हा फरक जाणार नाही, कारण तो आंदोलनाचा नसून मांडणीचा आहे. कसोटी त्यावर ‘सिद्ध’ असा शिक्का मारील.

नामसाम्याचा प्रश्नही येथेच उरकावा. ‘पर्फ डिफ’ दोन नोंदींतील फंक्शने नावावरून जुळवते. कम्पायलरने एखादे छोटे फंक्शन दुसऱ्याच्या पोटात घातले की त्याचे नाव नोंदीतून नाहीसे होते आणि त्याचे श्रम यजमानाच्या खात्यावर पडतात. अहवालात एकाची घट व दुसऱ्याची वाढ दिसते. प्रत्यक्षात फक्त वेष्टन बदललेले असते. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले व जीसीसी कम्पायलरच्या अंतरंगाचा अभ्यास कार्यशाळांतून घडवला गेला. कम्पायलर काय करतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच अशी ओळ नीट वाचू शकतो.

देवनागरीचे उदाहरण

मुंबईच्या उपनगरांचा आणि संगणकावरील देवनागरीचा संबंध जवळचा आहे. अंधेरीच्या सीप्झची स्थापना 1973 ची. तिची चर्चा निर्यातीच्या संदर्भात पुष्कळ झाली. त्या मानाने जुहू आणि पवई येथे लिपीसंदर्भात झालेले काम दुर्लक्षित राहिले. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन केले आणि पुढे जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेसाठी काम केले. ‘रघू’ हा मुक्त टंक त्यांचाच, आणि विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ही त्यांचाच. लिनक्सवर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात यासाठीचा ‘इंडिक्स’ प्रकल्पही जुहूच्या याच संस्थेचा होता. संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सर्वांत अक्षरजुळणीचे काम ‘हार्फबझ’ हे मुक्त ग्रंथालय करते. त्याची कमांड-लाइन साधने लिनक्सवर सहज मिळतात व त्यांची प्रोफाइलही घेता येते. इंग्रजी मजकूर व मराठी मजकूर एकाच आज्ञेला देऊन दोन नोंदी घेतल्या तर ‘पर्फ डिफ’ काय दाखवील? इंग्रजीच्या नोंदीत ज्यांचा मागमूसही नाही अशी फंक्शने मराठीच्या नोंदीत पुढे येतील. देवनागरीत आधी अक्षरांचे तुकडे पाडावे लागतात, मुख्य व्यंजन ठरवावे लागते, लिहिताना नंतर येणारी पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे आणावी लागते, रफार उचलून अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो, आणि मग अर्धी व जोडाक्षरे टंकातून निवडावी लागतात. या ओळींपुढे पायाभूत स्तंभ रिकामा असेल. पायाच नसलेली वाढ ही वाढ नव्हे. केवळ पायात असलेल्या ओळीच दाखवा असा पर्याय साधनात आहे. तो लावला तर देवनागरीचे सारे वैशिष्ट्यच अहवालातून पुसले जाईल.

‘देवनागरी मंद आहे’ हे विधान अशाच तुलनांतून जन्मते. त्याला पुन्हा छेदाचाच प्रश्न विचारला पाहिजे : कशाच्या मानाने मंद? यूटीएफ-8 संकेतनात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘क्षि’ या एका अक्षरात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे व बारा बाइट असतात. बाइटमागे वेळ काढला तर देवनागरीच्या वाट्याला उदार छेद येतो. अक्षरामागे काढला तर तोच छेद बारापट लहान होतो. समान आकाराच्या दोन फाइली घेतल्या म्हणजे तुलना न्याय्य झाली, असा समज अभ्यासकांतही आढळतो. वाचकाच्या दृष्टीने समान आशय, म्हणजे एकाच परिच्छेदाची दोन भाषांतील रूपे, हा अधिक सयुक्तिक पाया ठरेल. तोही निर्दोष नाही, कारण भाषांतराची लांबी भाषांतरकारावर अवलंबून असते.

खरी उपयुक्त तुलना मराठी विरुद्ध इंग्रजी ही नसून मराठीची मराठीशी, म्हणजे ग्रंथालयाची जुनी आवृत्ती विरुद्ध नवी आवृत्ती, अशी होय. त्यासाठी मोजणीच्या मजकुरात मराठी असावी लागते. हार्फबझच्या भांडारातील मोजणीच्या साहित्यात इंग्रजी व फारसी मजकुराबरोबर हिंदी शब्दांची यादी आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु लिपी एक म्हणून मार्ग एक, असे होत नाही. मजकूर मराठी आहे असे जाहीर केले, आणि टंकात मराठीसाठी वेगळी सोय असली, तर ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निवडण्याचे जादा नियम चालतात. हिंदी यादीवरील प्रोफाइलमध्ये त्या नियमांचा एकही नमुना पडणार नाही. शिवाय शब्दांची यादी म्हणजे सलग मजकूर नव्हे. फायरफॉक्ससारखे ब्राउझर एकदा जुळवलेला शब्द साठवून ठेवतात. ‘आणि’, ‘आहे’, ‘होते’ यांची सलग मजकुरात होणारी आवर्तने यादीत नसतात, त्यामुळे दोहोंतील श्रमविभागणी निराळी पडते.

सर्वांत बोलके उदाहरण अर्ध्या ‘र’चे आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठी शाळकरी मुलालाही कळतो : एक गुरूला, दुसरे स्वयंपाक्याला. हा दुसरा, पापणीसारखा ‘र’ हिंदीला सहसा लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची. दुसरी साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देण्याची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आतला प्रवास वेगळा असतो, कारण पहिल्या रीतीत रफार होण्याचा प्रश्नच येत नाही, तर दुसऱ्या रीतीत रफार टाळण्यासाठी जोडचिन्हाची दखल घ्यावी लागते. जुन्या कळफलकांवर टंकलेले ग्रंथ, वृत्तपत्रांची संकेतस्थळे आणि मोबाइलवरचे लेखन यांत या दोन्ही रीती मिसळलेल्या आढळतात. मराठीसाठी मोजणीचा मजकूर सिद्ध करायचा तर ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द दोन्ही रीतींनी त्यात घालावे लागतील. एकच रीत घातली तर दुसऱ्या रीतीने धावणारी ओळ जुन्या नोंदीतही नसेल आणि नव्या नोंदीतही नसेल. मग ती कितीही मंद झाली तरी ‘पर्फ डिफ’च्या अहवालात तिच्यापुढे शून्यसुद्धा उमटणार नाही.